माळावरची ओघळ: कामाची वही, जुलै २०२१ ते ऑगस्ट २०२२

२४ जुलै २०२१, शनिवार

बुधवारी रात्री म्हाताऱ्यानं (पुष्य नक्षत्राच्या पावसानं) धरलं ते शुक्रवारी दुपारनंतर सोडलं. पाऊस मोजायला परसात सरळ कडांचा सहा इंची डबा ठेवलाय. शुक्रवारी सकाळी बघितला तर काठोकाठ भरून वाहत होता. सहा इंचांच्या वर किती पडला ते डब्यालाही ठाऊक नाही आणि मलाही. मार्कंडेय नदीच्या काठची भातं पाण्याखाली आहेत. तिकडं यमगर्णीपाशी वेदगंगा हमरस्त्यावर आली म्हणून निपाणीकडची वाहतूक बंद. २०१९ च्या ऑगस्टात असंच झालं होतं, तेव्हा सगळे म्हणाले जन्मात एकदा येतो तो येऊन गेला. दोन वर्षं पुरती झाली नाहीत.

आमची जमीन बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या पश्चिमेला, माळाच्या उतरणीवर. वर तांबड्या मातीची रताळ्याची पट्टी, खाली ओढ्याला लागून भाताची खाचरं. नदी इथून लांब, त्यामुळं पूर आपला नव्हे या भरवशावर दोन दिवस घरात बसून होतो. आज उघडीप मिळाली म्हणून गेलो. दादाच्या (थोरल्या चुलत्यांचा मुलगा) आणि माझ्या पट्टीमधला बांध जागेवर नाही. त्या जागी ओघळ. पुतण्या खाली उतरला आणि वरनं दिसेनासा झाला.

खाली माझ्या खाचरात भात दिसत नाही, मुरूम दिसतो.

२६ जुलै

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, सव्वीस वर्षं लेथवर काढली. मापल्याशिवाय मला झोप येत नाही. टेप, सुतळी आणि गवंड्यांची लेव्हल पाइप घेऊन गेलो.

लांबी २१० फूट. तोंडाशी (वरच्या टोकाला) खोली ७ फूट, रुंदी ९. खाली जाईल तशी उथळ होत जाते. सरासरी ६ फूट रुंद आणि ४ फूट खोल धरली तर ५,०४० घनफूट, म्हणजे ५० ब्रास माती. पन्नास ट्रॉल्या. यातली थोडी माझ्या पाच गुंठ्यांवर पसरली आहे, कुठं आठ इंच, कुठं फूटभर. बाकीची ओढ्यातून मार्कंडेयला, तिथून गोकाकजवळ घटप्रभेला आणि पुढं कृष्णेला गेली. आजोबांनी शेणखत घातलेली माती ती.

तोंडाचा आकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. वरचा कातळासारखा घट्ट थर अजून पुढं आलेला आणि त्याच्याखालची भुसभुशीत पिवळी माती आत खाल्लेली, छज्जासारखं. पाणी वरनं पडतं, पायथ्याशी खड्डा करतं, पायथा गेला की वरचं ढासळतं. ओघळ म्हणजे वरच्या दिशेला चालत जाणारा धबधबाच. तोंडापासून वर पाच-पाच फुटांवर चार लोखंडी खुंट्या मारल्या. १, २, ३, ४. बघू, किती चालतो.

२ ऑगस्ट

पंचनाम्याला दोघं आले होते. चांगली माणसं, चिखलात उतरली. खरं त्यांच्या कागदावर जे रकाने आहेत त्यात आमची ओघळ बसेना. गाळ ३ इंचांपेक्षा जास्त साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १२,२०० रुपये. जमीनच गेली असेल तर हेक्टरी ३७,५००, पण ती दरड कोसळून किंवा नदीनं पात्र बदलून गेलेली पाहिजे. आमच्याकडं दरडही नाही आणि नदीही नाही. "मधल्या बांधाचं काय लिहूया?" असं त्यांनीच मला विचारलं. शेवटी खाचरातला गाळ लिहिला. पाच गुंठे म्हणजे हेक्टराचा विसावा भाग. हिशेब ज्यानं त्यानं करावा.

९ ऑगस्ट, पहिला श्रावणी सोमवार

दादानं मला न विचारता जेसीबी आणला. अठरा ट्रॉल्या मुरूम ओततोय. मी म्हटलं, थांबूया, पाऊस व्हायचाय अजून. तो म्हणाला, "उघड्या तोंडानं बघत बसूया काय? आवंदा न्हाई बुजवली तर पुढच्या सालाला घरापतूर येईल." त्याचंही खोटं नव्हतं. अर्धे पैसे मी दिले.

संध्याकाळी सपाट झालेली जमीन बघून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

८ सप्टेंबर

अठराही ट्रॉल्या गेल्या. दोन दिवसांच्या साध्याच पावसात. ओतलेला मुरूम सुटा असतो, मूळ मातीशी त्याची सांध बसत नाही. पाणी त्या सांधीतून शिरलं आणि जुन्याच वाटेनं आतून पोखरत बाहेर पडलं. आता माझ्या खाचरावर दोन थर आहेत, एक देवाचा आणि एक जेसीबीचा.

खुंटी १ च्या पायाशी तोंड जवळजवळ आलंय. २६ जुलैपासून ४ फूट २ इंच.

१३ सप्टेंबर, गौरी

गणपतीला सगळे थोरल्या घरात. जेवणं झाल्यावर ओघळीचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणं आवाज चढले. कोपऱ्यात आबा (दादाचे वडील, वय ब्याऐंशी) सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "तिथं पाणवाट हुती."

कुठली पाणवाट?

तेव्हा जे कळलं ते असं. पट्ट्यांच्या मधून, आता ओघळ आहे बरोबर तिथून, बारा-चौदा हात रुंदीची गवताची पट्टी होती. उथळ, परातीसारखी. माळावरचं पाणी तिच्यातून ओढ्याला जायचं. तिच्यात नांगर कधी घालायचा नाही. पावसाळ्यात पाणी आणि पुढं बैलांना चारा. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली या भागात ताली (मातीचे बांध) घातल्या गेल्या, त्या तालींचं पाणीही याच पट्टीत सोडलेलं. १९९४ साली वाटणी झाली. मोजणी झाली, नारळ फुटले, मधोमध दोरी धरली आणि बांध घातला. सहा हात इकडं, सहा हात तिकडं. दोन्हीकडनं नांगर फिरला.

"मग तवा तुम्ही का बोलला नाही?" दादानं विचारलं.

"वाटणीत समद्यांनी आपापला हिस्सा मागिटला," आबा म्हणाले. "पाण्याच्या वतीनं कोण मागनार?"

वहिनींनी तेवढ्यात आरतीला बोलावलं. दोन महिने मी ओघळीची लांबी-रुंदी मोजत होतो. ती कशावर उभी आहे ते बघितलंच नव्हतं.

१७ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. जलानयन (पाणलोट विकास) खात्यातून निवृत्त झालेले एक सर धारवाडहून आले. मित्राच्या मेव्हण्यांचे ओळखीचे, फी घेतली नाही, फक्त मिसळ खाल्ली. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. ओघळीला ते 'कोरकलु' म्हणतात, बांधाला 'वड्डु'. मला वाटलं होतं ते आधी ओघळ बघतील. ते तिच्याकडं पाठ करून माळावर चढले आणि तासभर फिरले.

वरच्या माळाचं पाणलोट अंदाजे दहा एकर, म्हणजे चार हेक्टर. पूर्वी सगळं झुडपांचं होतं. आता वर ट्रॅक्टरची वाट झाली आहे, चाकांचे दोन चर, तेही उताराला सरळ. सरांनी हिशेब मातीत काडीनं मांडला. तासाला ८० मिमी या वेगानं पाऊस पडला, आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे ४४० लिटर. हजार लिटरची काळी टाकी सव्वादोन सेकंदांत भरेल इतकं. हे पाणी तीन फुटांच्या ओघळीतून गेलं तर सेकंदाला अडीच मीटर वेगानं धावतं. तेच बारा फूट रुंद गवतावर पसरलं तर चार इंचच खोल राहतं आणि वेग निम्म्यावर येतो, सव्वा मीटर. उघडी तांबडी माती पाऊण मीटरच्या पुढं टिकत नाही. दाट हरळी सव्वा मीटर सहज सोसते. आबांची परात आकड्यांत मांडली की अशी दिसते.

दुसरं कारण आमच्याच हातचं. रताळ्याचे वरंबे आम्ही उताराला उभे काढतो. प्रत्येक सरी म्हणजे एक पन्हळ, आणि सगळ्या पन्हळी बांधाकडं. मी म्हटलं, आडवे काढले तर पाणी साचून रताळी कुजतात, म्हणून तर उभे काढायची पद्धत पडली. सर म्हणाले बरोबर, मग पूर्ण आडवे नकोत. दोनशे फुटांना एक फूट एवढा कलता ठेवा. पाणी निघून जाईल, पळणार नाही. पंचवीस वर्षं रताळी लावतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

कामाचा क्रम त्यांनी असा दिला: आधी माळावर आडवा चर काढून पाणी ओघळीच्या तोंडापासून वळवायचं. ते वळवायला जागा हवी, म्हणून त्याच्याही आधी पाणवाट करून तिच्यात गवत धरू द्यायचं. मग तोंड, मग पोटातले दगडी बांध. आम्ही बरोबर उलट्या टोकापासून सुरुवात केली होती.

७ नोव्हेंबर

भाऊबीज काल झाली, आज भांडण. पाणवाट १२ फूट रुंद आणि ३०० फूट लांब, म्हणजे ३,६०० चौरस फूट, ३.३ गुंठे. निम्मी माझी, निम्मी दादाची. दादा म्हणतो ओघळ तुझ्याकडं सरकली आहे, तू आठ दे, मी चार देतो. मी म्हणतो तुझ्या जेसीबीचा मुरूम माझ्या खाचरात आहे. पुतण्यानं मोबाईलवर हिशेब केला: ओघळीनं खाल्लेली जमीन सव्वा गुंठ्याच्या आसपास, गाडलेली पाच, आणि तोंड दरवर्षी वर जाणार. "३.३ मध्ये सुटका होते तर घ्या की," म्हणाला. एकोणीस वर्षांचा पोरगा.

सहा-सहा ठरले. कागद केला नाही. आबांच्या समोर ठरलं एवढंच.

२० नोव्हेंबर

अवकाळी. कापून पसरलेलं भात भिजलं. चार दिवस काम बंद. नोंद करण्याजोगं काही नाही.

१५ डिसेंबर

उद्योग खात्रीतून (रोजगार हमीतून) काम होईल का म्हणून दोनदा पंचायतीत गेलो. लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर बांध-चराची कामं त्यात बसतात, जॉब कार्ड पाहिजे, मजुरी दिवसाला २८९ रुपये. खरं काम वार्षिक आराखड्यात आधी यायला हवं आणि यंदाचा आराखडा गेला आहे. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव घातलं. सही करणारे साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्तात. सुवर्णसौधमध्ये २४ तारखेपर्यंत विधानसभा भरली आहे, तोवर सगळा जिल्हा रस्त्यावर उभा.

आपल्या खर्चानं करायचं ठरलं. दगड विकत घ्यायचा नाही: जुन्या विहिरीच्या खोदाईचा काळ्या दगडाचा ढीग आहे, कडा असलेला. ओढ्यातले गोटे नकोत, ते एकमेकांवर बसत नाहीत, घसरतात. जांभाही नको, भिजून झिजतो.

९ जानेवारी २०२२

गवंडी मामा चंदगड तालुक्यातले, म्हणजे हद्दीपलीकडं महाराष्ट्रातले. शिनोळी ओलांडली की बाची, बाचीच्या नाक्यावर आरटीपीसीआर मागतात. दिवसाच्या मजुरीइतका खर्च तपासणीला. मामा म्हणाले, "सासुरवाडी बेळगावात, शेत शिनोळीत, आणि दोन्हीच्या मधे नाकात काडी." मुक्कामालाच आले मग, आमच्या गोठ्याशेजारी. रात्री हुरडा.

१३ जानेवारी

बांधांची आखणी. यात एक साधा नियम आहे आणि तो समजला की बाकी सोपं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यायला हवा. म्हणजे दोन बांधांच्या मधे गाळ भरला की आपोआप पायरी होते. ओघळीचा तळ २१० फुटांत साडेदहा फूट उतरतो, म्हणजे शंभराला पाच. बांध अडीच फूट उंच घेतला तर अंतर ५० फूट. चार बांध.

पाया एक फूट खोल. दोन्ही कडांत दोन-दोन फूट आत शिरवायचं. खालच्या बाजूला पाच फूट दगडाचं अंथरूण, नाहीतर सांडव्यावरून पडणारं पाणी बांधाचाच पाया खाईल. मधे सांडवा, कडांपेक्षा एक फूट खाली.

१६ जानेवारी

मामांनी पहिला बांध बांधला. सुरेख. घराची जोती बांधणारा माणूस. एका ओळीत, ओळंब्यात, दगडाला दगड चिकटलेला. आणि माथा सरळ, एका पातळीत. सांडवा कुठं आहे? म्हणाले, "मधे खाली ठेवायची भिंत म्हंजे पडकी भिंत. माझ्या हातनं न्हाई व्हायची." दीड तास समजावलं. बाकीच्या तिघांत सांडवा ठेवायला तयार झाले, पहिला मात्र तसाच राहिला. माझं चुकलं. मोडायला लावायला हवा होता, पण ते काम बघून धीर झाला नाही.

२० फेब्रुवारी

तोंडाचं काम. सात फुटांची उभी कड तोडून तिरकी केली: सात फूट उतरायला साडेदहा फूट आडवं. तोडलेली माती वर नेऊन टाकली, ओघळीत ढकलली नाही. उतारावर आधी वाळूमिश्रित बारीक खडी, तिच्यावर दगड. सरांनी फोनवर दोनदा बजावलं, खडीचा थर चुकवू नका. दगडांच्या फटीतून पाणी मागची माती ओढून नेतं आणि वरनं सगळं शाबूत दिसत असताना आतून पोकळ होतं. आमचा मुरूम तसाच गेला होता, त्यामुळं पटायला वेळ लागला नाही.

दादा आज दिवसभर बरोबर होता. दगड उचलताना बोललो तेवढं दहा वर्षांत बोललो नसू. बहुतेक बोलणं दगडांबद्दलच.

२७ मार्च

पाणवाट कोरली. जेसीबीवाल्याला परात समजेना. तो नालीच काढायला बघत होता, खोल आणि उभ्या कडांची. अर्धा दिवस मी पुढं उभा. मधे एक फूट खोल, दोन्ही कडांना वर येत मिसळलेली. ट्रॅक्टर आडवा जाऊ शकला पाहिजे, अशी. तळाला ती ओढ्यात उतरते तिथं पुन्हा दगडाचं अंथरूण, नाहीतर ओढ्याकडनं नवं तोंड सुरू होईल.

माळावरचा चर २०० फूट, तळ चार फूट, खोली दीड, एकूण उतार एक फूट. लेव्हल पाइपनं दर दहा फुटांवर तपासला. लेथवर शंभरांश मिलिमीटर बघायची सवय, इथं अर्धा इंच इकडंतिकडं चालतो हे मनाला शिकवावं लागलं. चर आत्ता जोडला नाही. पाणवाटेत गवत धरल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. मधे मातीची गुडी (अडसर) ठेवली आहे.

हरळीचे ठोंब ओढ्याकाठनं खणून आणले. बायको म्हणाली, तीस वर्षं शेतातनं हरळी उपटली, आता विकतच्या पाण्यानं हरळी जगवायची.

१८ एप्रिल

वळीव. गारा नव्हत्या पण पाऊण तास चांगला झोडपला. चर जोडलेला नाही, त्यामुळं पाणी ओघळीतच आलं, आणि बांधांची परीक्षा झाली.

दोन, तीन, चार उभे. सांडव्यातून पाणी मधोमध पडलं, खाली अंथरुणावर. एक नंबर, मामांचा सुरेख: सांडवा नाही म्हणून पाणी माथ्यावरून सारखं पसरलं, उजव्या कडेला मऊ माती सापडली आणि बांधाला वळसा घालून निघून गेलं. बांधाचा एकही दगड हललेला नाही. शेजारी तीन फुटांची नवी वाट.

मामांना फोटो पाठवला. फोन आला: "मधला दगड काढा. मी सांगतो कुठला." फोनवर फोटो बघून त्यांनी चार दगड सांगितले, आम्ही काढले, उजवी कड दोन फूट आणखी आत शिरवली. पैसे घ्यायला नाही म्हणाले.

५ जून

खाचरात धूळवाफ पेरणी उरकली. मुरूम काढलेल्या पाच गुंठ्यांत पेरलं नाही, तिथं ताग टाकलाय. काढलेला मुरूम वरच्या वाटेवर आडवे उंचवटे करायला वापरला. चाकांच्या चरांतलं पाणी आता दर साठ फुटांवर बाजूला फेकलं जातं. हे काम एका दिवसाचं, खर्च डिझेलचा. वर्षभरात केलेल्या कामांत सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी. आधी का केलं नाही?

ओघळीच्या दोन्ही काठांना वाळा लावला, सहा-सहा इंचांवर, एकेरी ओळ. कन्नडात लावंच. म्हैसूरकडं गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर हाच लावतात असं सर सांगत होते. मुळं बाजूला न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळं शेजारच्या पिकाचं अन्न खात नाही. बी धरून रानभर होत नाही. एवढंच की पहिल्या वर्षी जगवावा लागतो, आणि ओळीत एक ठोंब मेला तर पाणी नेमकं त्या फटीतून जातं. ओघळीच्या पोटात निगडी आणि चिवा (बांबू).

२६ जून

पाणवाटेत हरळीनं हात धरले. पूर्ण नाही, मधे मधे टक्कल आहे. मृग कोरडा गेला, आर्द्रा हलक्या. गुडी फोडायची का? दादा म्हणाला आठवडा थांब. थांबलो.

३ जुलै

गुडी फोडली. रताळ्याचे वरंबे कलते काढले. लावणीला आलेल्या बायका म्हणाल्या, "वाकडं का वो मालक?" वाकडं नाही, म्हटलं. मग स्वतःच एकदा पाइप लावून बघितलं.

८ जुलै

तरणा (पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस). रात्रभर. डबा बदललाय, बारा इंची आहे. सकाळी ४ इंच २ सूत.

पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेलो, तर दादा माझ्या आधी तिथं उभा, डोक्यावर खोळ. बोलला नाही, हातानं दाखवलं. पाणवाटेत बारा फूट रुंद पाणी, घोट्याएवढं, गवत आडवं झोपवून चाललेलं. तांबडं होतं, पण आवाज नव्हता. मागच्या वर्षी ओघळीचा आवाज वस्तीपर्यंत येत होता असं तो म्हणाला. मला मागच्या वर्षी काहीच ऐकू आलं नव्हतं, दारं लावून झोपलो होतो.

दोन ठिकाणी नुकसान: टक्कल होतं तिथं हातभर खड्डा, आणि ओढ्याच्या टोकाला अंथरुणाचे सात दगड खाली गेले. खड्ड्यात गवताची चापटं उलथी न टाकता मुळासकट बसवली आणि वर बांबूच्या खुंट्या ठोकल्या. दगड उद्या.

२४ जुलै

वर्ष झालं. बांधांच्या मागं गाळ: एक नंबर १४ इंच, दोन ११, तीन ९, चार ४. अपेक्षेप्रमाणं वरचा आधी भरतोय. गाळ बारीक आहे, यात निगडी जोरात.

नवा प्रश्न खाचरात. मुरूम काढला तरी तिथं पाय रुततो, पाणी हटत नाही, ताग पिवळा पडलाय. वरनं वाहून येणारं पाणी बंद झालं, मग हे कुठलं? बांधाच्या पायथ्याशी दीड फूट खणलं तर खालून पाझर. माळावर जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकणीवर येऊन अडतं आणि इथं बाहेर पडतं. पूर्वी सात फुटांची ओघळ हाच पाझर खेचून नेत होती. तोंड बुजवलं, पोट भरत आणलं, तर तो खाचरात आला. म्हणजे ओघळ एक काम चांगलं करत होती. सरांना फोन केला, ते हसले आणि म्हणाले, "हौदु, हौदु" (होय, होय). पायथ्याला आडवा तीन फूट खोल चर, दगडांनी भरलेला, आणि तोंड पाणवाटेत. चर वरच्या बाजूनं येणारं पाणी खाचरात शिरण्याआधी धरतो. खाचराच्या मधे कितीही चर काढले तरी हे काम होत नाही.

१४ ऑगस्ट

पायथ्याचा चर ६० फूट झाला, अजून ४० बाकी. दगड संपले. झालेल्या भागापुढची जमीन पाच दिवसांत चालण्याजोगी झाली, उरलेल्या भागात बूट अडकून राहतो.

पंचायतीतून निरोप: काम आराखड्यात आलंय, मजुरी आता ३०९. कुठलं काम लिहिलंय बघितलं तर 'ओघळ बुजवणे'. दुरुस्तीचा अर्ज दिला: पाझर चर आणि माळावर समतल चर. क्लार्क म्हणाला, "मग ओघळ बुजवायची न्हाई?" नाही म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं ते बघितलंच.

तोंडाचं माप. माथ्यावरचे दगड दोन इंच खचलेत, पुढं सरकलेले नाहीत. खुंटी ३ पासून अंतर फेब्रुवारीत कड तिरकी केली तेव्हा होतं तेवढंच. खुंटी ४ जागेवर नाही. दादानं रेडा बांधायला उपटून नेली होती. नवी मारली, जुन्या भोकात.